आमच्यामागे कोण? वऱ्हाडातील दिव्यांगांच्या सहनिवासाचा प्रश्न

अमरावती जिल्ह्यातील अचलपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, वझ्झर हे गाव आहे. पाटबंधारे खात्याच्या कागदोपत्री हे नाव सापन नदीवरील धरणामुळे येते. महाराष्ट्रात ते सर्वतोमुखी झाले ते मात्र तेथील एका बालगृहामुळे. ‘स्वर्गीय अंबादासपंत वैद्य मतिमंद, मूकबधिर बालगृह’ असे त्याचे भारदस्त नाव आहे. लोक त्याला ‘शंकरबाबांचे वझ्झर’ म्हणूनच ओळखतात.

श्री. शंकरबाबा पापळकर हे मूळचे पत्रकार. ‘देवकीनंदन गोपाला’ हे नियतकालिक ते चालवीत असत. गाडगे महाराजांच्या विचारांचा त्यांच्यावर खोल परिणाम झाला आणि लेखणी बाजूला ठेवून त्यांनी हे काम हाती घेतले. रेल्वे फलाट, बसस्थानक, उकिरडा, रुग्णालयाचे आवार अशा ठिकाणी टाकून दिलेली आणि दिव्यांग असल्यामुळे कोणीही दत्तक न घेतलेली मुले राज्याच्या निरनिराळ्या भागांतून येथे येत राहिली. त्यांची संख्या सव्वाशेच्या घरात गेली. या मुलांच्या नावापुढे वडिलांचे नाव म्हणून शंकरबाबांनी स्वतःचे नाव लावले. शाळेचा दाखला, आधारपत्र, विवाहाची पत्रिका, सर्वत्र तेच नाव. भोवतालच्या उजाड माळावर मुलांच्या हातांनी झाडे लावली गेली व जगविली गेली. येथे वाढलेल्या एका मूकबधिर कन्येचा विवाह डिसेंबर २०२० मध्ये नागपूर येथे झाला, तेव्हा राज्याच्या तत्कालीन गृहमंत्र्यांनी सपत्नीक कन्यादान केले. येथेच लहानाची मोठी झालेली एक दृष्टिहीन कन्या २०२४ साली महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची लिपिक-टंकलेखक पदाची परीक्षा उत्तीर्ण झाली. त्याच वर्षी शंकरबाबांना ‘पद्मश्री’ हा किताब जाहीर झाला.

या गोष्टी वृत्तपत्रांतून अनेकांनी वाचल्या असतील. परंतु शंकरबाबांनी वर्षानुवर्षे शासनापुढे जी मागणी मांडली, तिच्याकडे तितकेसे लक्ष गेलेले नाही. ही मागणी सत्काराची नव्हती आणि निधीचीही नव्हती. बेवारस दिव्यांग मुले अठरा वर्षांची झाल्यावरही त्यांना त्याच घरात राहता यावे, त्यांचे आजन्म पुनर्वसन व्हावे, असा कायदा करावा, एवढेच त्यांचे म्हणणे होते. प्रस्तुत लेखाचा विषय या मागणीतून निघतो. प्रौढ दिव्यांग व्यक्तींनी योग्य मदतीसह एकत्र राहण्याची जी व्यवस्था, तिला सोयीसाठी येथे ‘सहनिवास’ म्हटले आहे. असा सहनिवास कसा चालवावा, त्याला कायद्याचा आधार कोणता, आणि जिल्ह्यातील अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांचा त्याच्याशी काय संबंध, हे पाहावयाचे आहे.

अठरावा वाढदिवस

बालकांची काळजी व संरक्षण यासंबंधीचा २०१५ चा बाल न्याय अधिनियम अठरा वर्षांखालील व्यक्तीलाच बालक मानतो. अठरा वर्षे पूर्ण झाली की बालगृहाची जबाबदारी कायद्याने संपते. त्यापुढे ‘अनुरक्षणा’ची तरतूद आहे, ती एकविसाव्या वर्षापर्यंत आणि नियमांनुसार अपवादात्मक परिस्थितीत तेविसाव्या वर्षापर्यंत. या मुदतीत तरुणाने शिक्षण पुरे करावे, एखादा हुन्नर शिकावा आणि आपल्या पायांवर उभे राहावे, ही त्यामागील अपेक्षा. धडधाकट अनाथ मुलाच्या बाबतीत ही अपेक्षा कठीण असली तरी समजण्याजोगी आहे. ज्या मुलाला स्वतःच्या हाताने घास घेता येत नाही, ज्याला आपले नाव सांगता येत नाही, त्याच्या बाबतीत तेविसावे वर्ष आणि तिसरे वर्ष यांत फरक काय? त्याचे शरीर वाढते, कायद्यातील वय वाढते. गरज तिथेच राहते.

ही अडचण केवळ अनाथांची आहे असे समजणे चुकीचे ठरेल. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली. त्यांतील बहुसंख्य आपापल्या कुटुंबातच राहतात, आणि ते योग्यच आहे. परंतु कुटुंबाचे वय वाढते. वऱ्हाडातील शेतमजूर आईबाप सकाळी निंदणाला वा कापूस वेचणीला जातात, तेव्हा घरातील बौद्धिक अक्षमता असलेला तीस वर्षांचा मुलगा शेजारणीच्या नजरेवर सोडून जातात. मजुरी बुडविणे परवडत नाही आणि मुलाला शेतात नेणे शक्य नसते. पुढे गुडघे थकतात, त्याला उचलणे होत नाही. अशा वेळी अकोला वा अमरावतीकडील आई सरकारी कचेरीच्या ओट्यावर बसून जे विचारते ते दोन्ही जिल्ह्यांत सारखेच असते : “आमच्या मांगं याले कोन पाहीन?” या प्रश्नाला आजवर दोनच उत्तरे ठाऊक होती : भाऊ-भावजय, नाही तर देव. दोन्ही उत्तरे नेहमीच खरी ठरतात असे नाही.

तपोवनाचा अनुभव

समाजाने दूर लोटलेल्या प्रौढांनी एकत्र राहून संसार उभा करावयाचा, हा प्रयोग अमरावतीला नवा नाही. डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ साली शहराबाहेरच्या माळावर तपोवन हे जगदंबा कुष्ठनिवास उभारले आणि विदर्भ महारोगी सेवा मंडळामार्फत ते चालविले. त्या काळी कुष्ठरोग झालेल्या माणसाला घर, गाव व पाणवठा हे तिन्ही एकदमच बंद होत. तपोवनात त्याला औषध मिळे, आणि त्याबरोबर कामही मिळे. शेती, विणकाम, सुतारकाम अशा उद्योगांतून तेथील रहिवासी आपल्या श्रमाची भाकरी खाऊ लागले. पुढे १९८० नंतरच्या दशकात बहुविध औषधोपचार उपलब्ध झाले आणि कुष्ठरोग पूर्णपणे बरा होऊ लागला. तरीही रोग बरा झालेले, परंतु हातापायांत विकृती राहिलेले अनेकजण आपल्या मूळ गावी परत जाऊ शकले नाहीत. म्हणूनच २०१६ च्या कायद्याने ‘कुष्ठरोगमुक्त व्यक्ती’ हा दिव्यांगत्वाचा एक प्रकार मानला आहे.

तपोवनाकडून आजच्या व्यवस्थापकाने घ्यावयाचे ते हे की, तेथील रहिवाशाला काम होते आणि त्या कामामुळे त्याला शब्द होता. जो केवळ वाढून घेणारा असतो त्याला ‘आज भाजी कोणती करावी’ हे कोणी विचारीत नाही. दुसरी गोष्ट संस्थेच्या आयुष्याची. डॉ. पटवर्धन १९८६ साली निवर्तले, आणि त्यांच्यामागेही मंडळाचे काम चालू राहिले. एका माणसाच्या पुण्याईवर उभे राहिलेले काम त्या माणसानंतर टिकणे ही आपल्याकडे दुर्मिळ बाब होय. ‘पद्मश्री’ स्वीकारताना शंकरबाबांनी वयाची ऐंशी वर्षे ओलांडली होती. मुलांच्या कागदपत्रांवर त्यांचे नाव आहे; परंतु नाव वारशाने जाते तशी काळजी आपोआप जात नाही. तिच्यासाठी मंडळ, घटना, हिशेब व नियम लागतात.

सहनिवास म्हणजे वसतिगृह नव्हे

शासकीय कागदपत्रांत ‘निवासी संस्था’ हा शब्द सर्रास येतो आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे लांब दालन, ओळीने मांडलेल्या खाटा आणि एकच घंटा उभी राहते. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांसंबंधीचा २०१६ चा अधिनियम १९ एप्रिल २०१७ पासून अंमलात आला. त्यातील पाचव्या कलमाची भाषा वेगळी आहे. दिव्यांग व्यक्तीला समाजात राहण्याचा हक्क आहे. कोणत्याही एका विशिष्ट निवास-व्यवस्थेत राहण्याची तिच्यावर सक्ती होऊ नये, आणि घरपोच, निवासी व समाजातील अन्य साहाय्य-सेवा तसेच वैयक्तिक मदतनीस तिला उपलब्ध व्हावेत, यासाठी शासनाने प्रयत्न करावयाचा आहे. भारताने २००७ साली मान्यता दिलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या करारातील एकोणिसाव्या अनुच्छेदावरून हे कलम आले आहे. मानसिक आजार असलेल्यांसाठी २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमानेही अशीच तरतूद केली आहे. केवळ कुटुंबाने नाकारले म्हणून किंवा घर नाही म्हणून कोणालाही मनोरुग्णालयात ठेवता येत नाही. त्यासाठी साहाय्यित निवासाची सोय करणे हे शासनाचे कर्तव्य ठरते.

परदेशात या विचाराला जुना इतिहास आहे. बेल्जियममधील गील या गावची कुटुंबे मनोरुग्णांना आपल्या घरी ठेवून घेत आली आहेत आणि ही प्रथा काही शतकांची आहे. परंतु इतके दूर जाण्याचे कारण नाही. चेन्नईच्या ‘द बनियन’ या संस्थेने २०१५ पासून ‘होम अगेन’ हा उपक्रम चालविला. संस्थेत दीर्घकाळ राहिलेल्या चार-पाच स्त्रियांनी सामान्य वस्तीतील भाड्याच्या घरात एकत्र राहावे, सोबतीला प्रशिक्षित मदतनीस असावी, असे त्याचे स्वरूप. महाराष्ट्रात पालकांनीच हा भार उचलल्याची उदाहरणे आहेत. डोंबिवलीजवळ खोणी येथील अमेय पालक संघटनेचे ‘घरकुल’ आणि बदलापूरचे ‘आधार’ ही बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या आईवडिलांनी उभी केलेली घरे आहेत. मुळशी तालुक्यातील कोळवण खोऱ्यात ‘साधना व्हिलेज’ आहे. तेथे प्रौढ ‘विशेष मित्र’ लहान लहान घरांतून राहतात. वऱ्हाडात पालकांनी चालविलेली अशी घरे पुरेशी उभी राहिलेली नाहीत. येथील पालक विखुरलेला आहे, बहुधा कोरडवाहू शेतीवर जगणारा आहे, आणि वर्गणी काढून जागा घेणे त्याच्या आवाक्याबाहेरचे आहे. म्हणूनच पंचायत व शासन यांचा वाटा येथे मुंबई-पुण्यापेक्षा मोठा असावयास हवा.

मोठी संस्था की लहान घर, हा वाद निष्कारण वाढविण्यात अर्थ नाही. ज्या रात्री पोलिसांना फलाटावर मूल सापडते त्या रात्री वझ्झरसारखे दार उघडे असणे हेच महत्त्वाचे असते. परंतु त्या मुलाची पुढील पन्नास वर्षे कोठे व कशी जावीत याचा विचार करताना सहा-आठ जणांचे, गावाच्या वस्तीत असलेले, किराणा दुकान व दवाखाना हाकेच्या अंतरावर असलेले घर अधिक बरे, यात शंका वाटत नाही. तेथे शेजारी ओळखतात, आणि ओळख हाच सर्वात स्वस्त पहारेकरी असतो.

घर चालविणे

सहनिवासाचे व्यवस्थापन म्हणजे प्रथम रात्रीचे व्यवस्थापन. दिवसा भेट देणारे पुष्कळ असतात. पाहुणे येतात, छायाचित्रे निघतात, वाढदिवसाचे जेवण होते. रात्री दोन वाजता कोणाला झटका आला, कोणी अंथरूण ओले केले, कोणी घाबरून ओरडू लागले, तर जागे कोण असते, हे पाहिले म्हणजे संस्थेची पारख होते. बौद्धिक अक्षमता वा मेंदूचा पक्षाघात असलेल्यांपैकी अनेकांना अपस्माराचा त्रास असतो. त्यांची गोळी एक दिवस चुकली तरी झटका येऊ शकतो. तेव्हा औषधाची नोंदवही प्रत्येकाच्या नावाने, वेळेसह आणि देणाऱ्याच्या सहीसह ठेवणे अपरिहार्य आहे. गोळ्या संपण्यापूर्वी आठ दिवस आधी आणावयाच्या, संपल्यावर नव्हे. ही साधी गोष्ट वाटते. प्रत्यक्षात सणासुदीच्या सुटीत नेमकी हीच चूक होते.

रात्रीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे एका खाजगी आश्रयस्थानाला आग लागली आणि पंचवीसहून अधिक मनोरुग्ण जळून मृत्यू पावले. ते पळू शकले नाहीत, कारण त्यांना साखळीने बांधून ठेवले होते. सांभाळणाऱ्यांना बहुधा ती क्रूरता वाटत नसावी, सोय वाटत असावी. बाहेरून कुलूप लावलेले दार, गजांची खिडकी, दोरीने बांधलेला पाय या सर्वांचे समर्थन ‘तो निघून जातो’ या एका वाक्याने केले जाते. निघून जाणाऱ्या माणसासाठी कुंपण, फाटकावर माणूस, गळ्यात वा दंडावर पत्ता आणि गावातल्या टपरीवाल्यापासून पोलीस पाटलापर्यंत सर्वांशी ओळख, हे उपाय आहेत. कुलूप हा उपाय नव्हे. तपासणीस जाणाऱ्या अधिकाऱ्याने दप्तर पाहण्यापूर्वी दाराच्या कड्या पाहाव्यात.

भोजनाकडे वळावे. ज्यांना नीट गिळता येत नाही त्यांना आडवे निजवून भरवू नये. बसते करून, मान सरळ ठेवून, लहान घास द्यावा. अन्न श्वासनलिकेत गेल्याने फुप्फुसाचा दाह होतो आणि तो पुष्कळदा ‘साधा ताप’ म्हणून दुर्लक्षिला जातो. वऱ्हाडात याला उन्हाळ्याची जोड मिळते. अकोल्याचा पारा वैशाखात ४५ अंशांपुढे जातो. तहान लागली असे ज्याला सांगता येत नाही, त्याला पाणी मागेपर्यंत वाट पाहून कसे चालेल? मे महिन्यात ठरलेल्या वेळी प्रत्येकाला पाणी पाजावयाचे आणि पत्र्याच्या छपराखाली दुपारी कोणालाही ठेवावयाचे नाही, असा नियमच हवा. पत्र्याची खोली वऱ्हाडी उन्हात भट्टी होते. नवीन इमारतीचा नकाशा मंजूर करणाऱ्यांनी याचा विचार केला तर बरे.

स्त्री-रहिवाशांच्या बाबतीत अधिक दक्षता हवी. स्नान, पाळी, कपडे बदलणे या वेळी स्त्री-मदतनीसच असावी. रात्रीच्या पाळीत स्त्री-विभागात पुरुष कर्मचारी एकटा असता कामा नये. या नियमाला अपवाद नाही. माणूस कितीही विश्वासू असो. जी मुलगी बोलू शकत नाही तिची तक्रार तिच्या वागण्यातून वाचावी लागते. एखादी व्यक्ती दिसताच ती जेवण सोडते, आक्रसते, ओरडते. अशा खुणांची नोंद ठेवून त्या संस्थेबाहेरच्या कोणाला तरी दाखविण्याची सोय पाहिजे. तक्रार ऐकणारा व तक्रार ज्याच्याविरुद्ध आहे तो एकच असेल तर तक्रारपेटी भिंतीवर टांगून उपयोग नाही.

यानंतर पैशाचा प्रश्न. संजय गांधी निराधार अनुदान योजना महाराष्ट्रात १९८० पासून चालू आहे. २०२५ साली दिव्यांग लाभार्थ्यांसाठी तिची रक्कम दरमहा २,५०० रुपये करण्यात आली. ज्या रहिवाशाला हे वा अन्य कोणते अनुदान मिळते, त्याचे बँकखाते त्याच्याच नावाने असावे. घरखर्चाचा त्याचा वाटा ठरवून घ्यावा, पावती द्यावी आणि थोडी रक्कम त्याच्या मर्जीसाठी शिल्लक ठेवावी. त्या पैशातून तो गजरा घेईल, बाजारातील भजी घेईल, किंवा टाकाऊ वाटणारे एखादे खेळणे घेईल. व्यवस्थापकाला ते उधळपट्टीचे वाटण्याचा संभव आहे. परंतु प्रत्येक रुपया संस्थेने ‘हिताचा’ खर्च केला तर त्या माणसाला आपले असे काही उरत नाही. खोलीत कोणाबरोबर राहावयाचे, केव्हा झोपावयाचे, सणाला कोणता कपडा घालावयाचा, हे निर्णयही याच प्रकारचे. ज्याला शब्द नाहीत तोही दोन सदऱ्यांपैकी एकाकडे हात करून निवड करू शकतो.

या सर्वाचा कणा म्हणजे मदतनीस. शिकलेले, थकलेले, अल्प वेतनावर राबणारे हे स्त्रीपुरुष दोन वर्षांत काम सोडून जातात, आणि रहिवाशाला दर वेळी नव्या हाताची सवय करावी लागते. वझ्झरला थोरली मुले धाकट्यांना आणि हिंडतीफिरती मुले अंथरुणावरच्यांना सांभाळीत आली आहेत. त्यातील जिव्हाळा वादातीत आहे. तथापि एका रहिवाशाचे आयुष्य दुसऱ्याच्या सेवेत संपू नये, त्याला शिकता यावे, बाहेर नोकरी करता यावी, हेही पाहिले पाहिजे. पगारी मदतनीस, त्याची आठवड्याची सुटी आणि सुटीच्या दिवशी बदली येणारा माणूस ही चैन नव्हे. थकलेला हात रागावतो.

पालकत्व आणि नोंदणी

प्रौढ दिव्यांग व्यक्तीच्या बाबतीत कायदेशीर पालक नेमावा लागतो, हा समज सरसकट खरा नाही. दृष्टिहीन, मूकबधिर वा अस्थिव्यंग असलेली प्रौढ व्यक्ती इतर कोणाही नागरिकाप्रमाणे स्वतःची मालक असते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमाने पालक नेमण्याची सोय केली ती स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चार प्रकारांसाठी. हे काम जिल्ह्याची स्थानिक स्तर समिती करते. तिच्यावर जिल्हाधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असते. आईवडील, नातेवाईक वा नोंदणीकृत संस्था तिच्याकडे अर्ज करू शकते. पालकाची खरोखर गरज आहे काय आणि असल्यास कोणत्या कामापुरती, हे समितीने पाहावयाचे असते.

पालक नेमला गेला म्हणजे त्याच्या माथी हिशेबही येतो. नेमणुकीपासून सहा महिन्यांत त्या व्यक्तीच्या मालमत्तेची यादी आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत जमाखर्च, असे दोन्ही कागद त्याने सादर करावयाचे असतात. पालक छळ करीत असेल, दुर्लक्ष करीत असेल वा मालमत्ता खात असेल तर त्याला दूर करण्याची तरतूद आहे. चार एकर कोरडवाहू जमिनीत वाटा असलेला, परंतु सही न करता येणारा भाऊ ज्या घरात आहे, तेथे या तरतुदीचे महत्त्व तलाठ्याला वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. २०१६ च्या अधिनियमाने मर्यादित पालकत्वाची कल्पना मांडली आहे. तीत पालक व दिव्यांग व्यक्ती यांनी परस्पर विचाराने निर्णय घ्यावयाचे असतात.

निवासी संस्थेची नोंदणी ही स्वतंत्र बाब आहे. बालगृह असेल तर बाल न्याय अधिनियमाखाली, प्रौढ दिव्यांगांसाठी असेल तर २०१६ च्या अधिनियमाखाली, मानसिक आजाराच्या व्यक्तींसाठी असेल तर २०१७ च्या अधिनियमाखाली. ज्या संस्थेत मुले वाढून प्रौढ होतात तिचा एक पाय एका कायद्यात आणि दुसरा दुसऱ्या कायद्यात पडतो. अशा वेळी संस्थेला दोषी ठरविण्याआधी दोन्ही नोंदण्यांचा मार्ग तिला दाखविणे हे अधिकाऱ्याचे काम होय. राष्ट्रीय न्यासाच्या ‘घरौंदा’ योजनेचा उद्देशच मुळी वरील चार प्रकारच्या प्रौढांना आजन्म निवारा व देखभाल मिळावी हा आहे. महाराष्ट्रात डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांग कल्याण विभाग हा स्वतंत्र विभाग स्थापन झाल्याने अशा प्रस्तावांना मंत्रालयात एक निश्चित दार मिळाले आहे.

गावाच्या पातळीवर

गाडगे महाराजांचा जन्म १८७६ साली अंजनगाव सुर्जी तालुक्यातील शेंडगावचा. बालपण गेले अकोला जिल्ह्यात, मूर्तिजापूर तालुक्यातील दापुऱ्याला मामाकडे. म्हणजे ज्या दोन जिल्ह्यांचा येथे विचार चालला आहे त्या दोन्हींत त्यांचे घर होते. त्यांनी तीर्थक्षेत्री धर्मशाळा बांधल्या, अंध-पंगूंना अन्न दिले. धर्मशाळेत माणूस तीन रात्री राहतो. आपल्याला लागते ते घर तीस वर्षांचे आहे, आणि ते बांधण्यासाठी सध्याच्या पंचायतीजवळ काही साधने निश्चित आहेत.

ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाच्या पाच टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावयाची आहे. पुष्कळ ठिकाणी ही रक्कम मार्चअखेर सर्वांना सारखी वाटून संपविली जाते. प्रत्येकाच्या हाती काही शे रुपये पडतात आणि कागद पूर्ण होतो. त्याऐवजी शेजारच्या पाच-सहा गावांनी मिळून एका दिवसनिवाऱ्याचा विचार करावा. सुगीच्या दिवसांत, आईबाप शेतात असताना, दहा-बारा प्रौढांना दिवसभर सांभाळणारी एक प्रशिक्षित बाई, रिकामी पडलेली एखादी शासकीय खोली, उतरंड असलेले दार आणि बसता येईल असा शौचकूप, एवढ्याने सुरुवात होते. पूर्ण सहनिवास ही त्यापुढची पायरी आहे. दिवसा सवय झालेली मुले पुढे रात्रीही तेथे निर्धास्त राहू शकतात. आईच्या मृत्यूनंतर चौथ्या दिवशी अनोळखी संस्थेत नेऊन सोडलेला माणूस मात्र वेगळ्याच अवस्थेत असतो.

दाखल्याशिवाय यांपैकी कशालाही सुरुवात होत नाही. अमरावतीला जिल्हा सामान्य रुग्णालयात, म्हणजे लोकांच्या इर्विनमध्ये, आणि अकोल्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या सर्वोपचार रुग्णालयात दिव्यांगत्वाची तपासणी होते. धारणी वा चिखलदऱ्याच्या कोरकू कुटुंबाला त्यासाठी घाट उतरून यावे लागते. पहिल्या खेपेस एखादा कागद कमी पडला तर दुसरी खेप बहुधा होतच नाही. आशा सेविकेने किंवा ग्रामसेवकाने निघण्यापूर्वीच कागद तपासून दिले, तर एक दिवसाची मजुरी व एस. टी. चे भाडे वाचते.

विशेष शाळेच्या आणि साध्या शाळेच्याही शिक्षकाजवळ एक गोष्ट अशी आहे जी इतर कोणाजवळ नसते : हजेरीपटावरील जन्मतारीख. सतरावे वर्ष लागलेल्या ज्या विद्यार्थ्याला वरील चारपैकी एखादे दिव्यांगत्व आहे, त्याच्या पालकांना बोलावून वैश्विक ओळखपत्र, वयाचा दाखला, बँकखाते व पालकत्वाच्या अर्जाची कागदपत्रे तयार करून घेण्यास एक वर्षाचा अवधी मिळतो. अठरा वर्षे पूर्ण होताच अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयातील स्थानिक स्तर समितीकडे द्यावयाचा. अर्जदार आईवडील वृद्ध असतील, तर त्यांच्यानंतर जबाबदारी घेण्यास तयार असलेल्या नातेवाइकाला वा संस्थेच्या प्रतिनिधीलाही त्याच वेळी सोबत न्यावे आणि समितीपुढे हजर करावे.